सुनंदाताई पाय पाहतात

आमच्या गावच्या शंकरपटात माईक माझ्याकडे असायचा. मी शाळेत मराठी शिकवायचो, आवाज मोठा होता आणि बोलायला लाजत नव्हतो, एवढ्यावर पट समितीने मला निवेदक करून टाकलं होतं. बैलजोडी सुटली की तिचं नाव सांगायचं, मालकाचं सांगायचं, छकड्यावर उभा राहून जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं सांगायचं, जोडी किती सेकंदांत गेली ते सांगायचं. मधल्या वेळात हरवलेल्या पोरांच्या आयांना स्टेजजवळ बोलवायचं. काम सोपं होतं. पण डॉक्टर सुनंदाताई पहिल्यांदा पटावर आल्या त्या वर्षी मला सकाळपासून दुपार होईपर्यंत एकही जोडी न सुटता बोलत राहावं लागलं. माझे सगळे विनोद संपले. देणगीदारांची नावं वाचून झाली, पुन्हा वाचून झाली. माणसं उन्हात डोक्यावर रुमाल टाकून बसली होती आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई उकिडवी बसून, डोळे मिटून, एका बैलाचा पुढचा पाय चाचपत होती. त्याचा झाला की दुसऱ्याचा. दुसऱ्याचा झाला की पुढच्या जोडीतल्याचा.

समितीचे अध्यक्ष नानासाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, त्या बाईले माईकवरून सांगा ना, आवरा म्हणा."

मी सांगितलं. अगदी आदराने सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

सुनंदाताई आमच्याच भागातल्या. वरवट बकालच्या पुढे त्यांच्या भावाचं वावर आहे, तिथे वांगी-मिरची आणि कपाशी होते. आईवडील लवकर गेले. थोरल्या भावाने, वासुदादाने, स्वतःची शाळा सोडून हिला शिकवलं. ही जनावरांची डॉक्टर झाली, एका मोठ्या शहरात रेसकोर्सवरच्या तबेल्यात नोकरीला लागली, आणि काही वर्षांनी एक दिवस नोकरी सोडून परत आली. रस्त्यावरच्या एका गाळ्यात दवाखाना उघडला. सुरुवातीला लोक यायचे, आत डोकवायचे आणि विचारायचे, "डॉक्टर साहेब नाही का?" त्या म्हणायच्या, "मीच साहेब. ढोर कुठं हाय?"

त्यांचं बोलणं शेवटपर्यंत वऱ्हाडीच राहिलं. आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं त्याही "मी येतो, मी जातो" असंच म्हणायच्या. शहरातले लोक त्यावरून हसायचे, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. "हसू द्या. घोड्याले काय फरक पडते?" फोनवर दुसऱ्या डॉक्टरांशी बोलताना मात्र त्यांची भाषा एकदम इस्त्री केल्यासारखी व्हायची, आणि फोन ठेवला की परत मूळ पदावर.

त्यांची एक जुनी मोपेड होती. तिच्या डिकीत औषधांच्या बरोबरीने साबणाची एक डबी आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी असे. कोणाच्याही गुरांच्या कोठ्यात शिरण्याआधी त्या पाणी मागून कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि निघताना पुन्हा धुवायच्या. आमच्या पट्ट्यातलं पाणी खारं, साबणाला फेस येत नाही, तरी त्या घासत बसायच्या. जनावराच्या अंगाला हात लावला की बोलणं बंद. मालक कितीही सांगत असो, परवापासून खात नाही, कालपासून असं करते, त्यांना ऐकू जात नसे. तळहाताने नाही, हाताच्या मागच्या बाजूने त्या पायाची ऊब बघायच्या. तळहात रोज काम करून निबर झालेला असतो, मागच्या बाजूला अजून समजतं, असं त्यांचं म्हणणं. आणि मालक घाई करू लागला तर एकच वाक्य: "त्याले सांगू द्या आधी."

रेसकोर्सची नोकरी का सोडली हे गावाला माहीत नव्हतं. तर्क पुष्कळ होते. माझी गाय अडली होती त्या दिवशी वासरू बाहेर काढून, हात धुऊन, त्या आमच्या ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या. वासरू उभं राहायला धडपडत होतं. त्याच्या पायांकडे बघत बघत त्या आपणहून बोलू लागल्या.

तबेल्यात एक घोडी होती. दोन वर्षांची, म्हणजे घोड्याच्या मानाने पोरच. अंगाने भरलेली, त्यामुळे बघणाऱ्याला मोठी वाटे, पण आतली हाडं अजून पक्की व्हायची होती. पळायला वीज. सरावात तिचा पुढचा पाय दुखावला. सुनंदाताईंनी सांगितलं, काही महिने हिला पळवू नका. मालकाला तेवढा दम नव्हता, कारण त्या वयाच्या घोड्यांची मोठी शर्यत जवळ आली होती. वरच्या डॉक्टरने सांध्यात सुई दिली. दुसऱ्या दिवशी घोडी लंगडायची थांबली. सगळे खूश झाले.

"पाय बरा नव्हता झाला, गुरुजी," त्या म्हणाल्या. "दुखणं तेवढं मिटलं होतं. दुखलं असतं तर ती जपून पळाली असती. तिले कळलंच नाही आपण काय करून राह्यलो."

सरावाच्या फेरीतच, सकाळी, वळणावर तिच्या पायाची नळी मोडली. मोडलेल्या पायावरही ती काही पावलं पळत गेली, कारण तिला दुखत नव्हतं. मग कामगारांनी तिच्याभोवती हिरवा पडदा धरला, तिकडच्या लोकांना दिसू नये म्हणून. आत तिला कायमचं झोपवायचं काम सुनंदाताईंना करावं लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला.

एवढं सांगून त्यांनी कप खाली ठेवला आणि वासराला चीक कधी पाजायचा ते माझ्या बायकोला समजावून सांगितलं. त्या विषयावर त्या माझ्याशी परत कधी बोलल्या नाहीत.

बैलांच्या शर्यतींवरची कोर्टाची बंदी उठली आणि आमच्याकडे पट पुन्हा सुरू झाले. नव्या नियमांत जनावरांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागत होतं. समितीला वाटलं, बाई गावच्याच आहेत, खुर्ची देऊ, शाल-श्रीफळ देऊ, सह्या करतील. सुनंदाताई हो म्हणाल्या, पण त्यांच्या अटी होत्या. पटाच्या आदल्या दिवशी दुपारीच सगळी जनावरं मैदानाच्या टोकाला असलेल्या शाळेच्या पटांगणात आणून बांधायची. रात्रभर तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे कोणाला काही टोचता येणार नाही आणि आधी टोचलेलं असेल तर त्याचा जोर उतरायला वेळ मिळेल. सकाळी प्रत्येक बैल शाळेमागच्या गिट्टीच्या रस्त्यावरून मोकळा चालवून दाखवायचा. आणि ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत असा अदंत गोऱ्हा पळवायचा नाही.

नानासाहेब हसले होते. त्यांना वाटलं, बोलायच्या गोष्टी आहेत, अर्ध्या तासात कंटाळतील.

तर ती सकाळ. मी माईकवर घसा कोरडा करत होतो आणि पटांगणातून एकेक जोडी परत जात होती. काही बैलांच्या खुरावरच्या सांध्याला सूज होती. एक बैल पटांगणात आणताना वाऱ्यासारखा आला होता आणि सकाळी गिट्टीवर पाय टेकवेना. मालक तावातावाने बोलत होते. सुनंदाताई कोणाला उत्तर देत नव्हत्या. नाव विचारायच्या, पाय बघायच्या, "याले नाही" किंवा "जाऊ द्या" म्हणायच्या.

मग वासुदादा आला. त्याच्याजवळ हरण्या होता. लालसर अंगाचा, पाठ सरळ, डोळे मोठे, उभा असतानाही थरथरणारा गोऱ्हा. वासुदादाने त्याला लहानपणापासून स्वतःच्या हाताने खाऊ घालून वाढवला होता. त्याच्यासारखी चाल आमच्या बाजूला तोवर कोणी पाहिली नव्हती, आणि त्या दिवशी अर्धी गर्दी त्याच्यासाठीच आली होती.

सुनंदाताईंनी भावाच्या पाया पडून घेतलं. मग हरण्याचा ओठ वर केला. दात बघितले, पुन्हा बघितले. पायांवरून हात फिरवला.

"दादा, हा अदंत हाय."

वासुदादा हसला. "मले माहीत नाही का? घरचाच हाय तो. पण पाह्य ना अंग कसं हाय त्याचं."

"अंग हाय. हाडं नाही झाली अजून. पुढच्या साली आण. त्याच्या पुढच्या साली आणशील तर अजून बरं."

आजूबाजूला माणसं जमली होती. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "सुने, तू माह्या जनावराले नाही म्हणतं?"

"तुह्या जनावरालेच पहिले म्हणीन," त्या म्हणाल्या. "नाही तर मी बाकीच्याइले कोणत्या तोंडानं म्हणू?"

वासुदादाने कासरा ओढला आणि हरण्याला घेऊन गेला. ज्या भावाने आपल्या ताटातलं काढून बहिणीला शिकवलं, तो तिच्याकडे मागे वळूनही न बघता गेला. सुनंदाताई काही क्षण त्या दिशेला बघत उभ्या होत्या. मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं. त्यांचा आवाज तसाच होता.

आमचा पट त्या वर्षी फिका झाला. बऱ्याच जोड्या परत गेल्या आणि जाताना शिव्या देत गेल्या. पंधरवड्याने शेजारच्या एका गावात पट भरला. तिथे कोणी पाय बघत नव्हतं. वासुदादा हरण्याला घेऊन, जोडीला दुसऱ्या एकाचा बैल लावून, तिकडे गेला, आणि पट सुरू व्हायच्या आधी एका माणसाने हरण्याला "ताकदीची" सुई दिली.

हरण्या जिंकला. नुसता जिंकला नाही, मोठमोठ्या, सगळे दात आलेल्या बैलांना मागे टाकून गेला. मी तिथे प्रेक्षक म्हणून होतो, आणि खरं सांगायचं तर मीही उभा राहून ओरडत होतो. असं पळणं पुन्हा बघायला मिळालं नाही.

संध्याकाळी त्याला हलगी वाजवत, गुलाल उधळत टेम्पोतून आणलं. सुनंदाताईंच्या दवाखान्यासमोर पोरांनी मुद्दाम टेम्पो थांबवला आणि हरण्याला खाली उतरवून नाचवायला लागले. वासुदादा गुलालाने माखला होता. त्याने पोरांना थांबवलं नाही.

सुनंदाताई बाहेर आल्या. लोकांना वाटलं, आता भांडण होणार. त्या सरळ हरण्याजवळ गेल्या, खाली बसल्या, आणि गुलालाच्या त्या गोंधळात हाताची मागची बाजू त्याच्या पुढच्या उजव्या पायाला लावली. डोळे मिटले. पोरं आपोआप थांबली. हलगीवाला थांबला.

"दादा, पाय गरम हाय," त्या म्हणाल्या. "आज त्याले दुखणार नाही. उद्या-परवा दुखीन. तेव्हा दुसरी सुई देऊ नको. मले बोलाव."

वासुदादाने हलगीवाल्याला वाजवायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी हरण्या उठेना. वासुदादाने बहिणीला बोलावलं नाही, त्या सुईवाल्यालाच बोलावलं. त्याने पुन्हा सुई दिली आणि हरण्या उठला. मग पुन्हा बसला. असं काही दिवस चाललं. शेवटी एका दुपारी वासुदादा बाजाराला मलकापूरला गेला असताना त्याची बायको, रुख्मावहिनी, दवाखान्यात आली. तिने काही सांगायच्या आधीच सुनंदाताईंनी मोपेड बाहेर काढली होती.

पाय सुजून आला होता. हाडाला चीर असावी, असं त्या म्हणाल्या. त्यांनी पायाला पट्ट्यांचा घट्ट आधार बांधला, कोठ्यात मऊ कुटार, म्हणजे भुसा, अंथरून घेतलं आणि वहिनीला सांगितलं की ह्याला चालवायचं नाही, चारापाणी जागेवर द्यायचं. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज जाऊ लागल्या. त्या आल्या की वासुदादा कोठ्यातून उठून वावरात निघून जायचा. त्या हरण्याचं काम करायच्या, हात धुवायच्या, वहिनीने दिलेला चहा प्यायच्या आणि परत यायच्या. कोणी म्हणालं, भाऊ बोलत नाही तर कायले जाता? त्या म्हणाल्या, "मी भावाच्या घरी नाही जात. पेशंटकडं जातो."

पण एवढ्यात कुठल्याशा मोठ्या बक्षिसाच्या पटाची जाहिरात आली. हरण्याचं नाव ऐकून लोक वासुदादाला भेटायला येऊ लागले. त्यात तो सुईवाला होताच. एक पट, एवढा एकच, मग आराम दे म्हणाला. हरण्याची सूज थोडी उतरली होती. वासुदादाच्या मनाने घेतलं.

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात बसलो होतो, आमच्या गाईचं काहीतरी विचारायला गेलो होतो. सुनंदाताईंच्या मागे मोपेडवर बसून मीही गेलो. अंगणात टेम्पो उभा होता. मागचा फाळका काढून त्यावर जनावर चढवायची फळी लावली होती. सुईवाल्याने बाटली हातात घेतली होती आणि वासुदादा हरण्याचा कासरा धरून होता. बहिणीला पाहून त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

मला वाटलं होतं त्या आता टेम्पोसमोर बसतील, ओरडतील, पोलिसांचं नाव घेतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. त्या भावाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, मी तुले अडवत नाही. तुहा गोऱ्हा हाय. फक्त सुई नंतर दे. आधी त्याले तसाच टेम्पोत चढू दे. चढला तर ने. मी एक शब्द बोलणार नाही, गुरुजी साक्षी हायेत."

सुईवाला मधेच म्हणाला, सुई दिल्यावर तो आपोआप चढेल. सुनंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या भावाकडेच बघत होत्या.

वासुदादाने पट्ट्या सोडल्या आणि कासरा हातात घेऊन फळीकडे निघाला. हरण्या त्याच्यामागे चालला, कारण तो लहानपणापासून त्याच्यामागेच चालत आला होता. फळीपाशी आल्यावर त्याने डावा पाय वर ठेवला. मग उजवा उचलला, फळीवर टेकवला आणि अंग त्यावर टाकलं न टाकलं तोच मागे घेतला. वासुदादाने जीभ टाळ्याला लावून त्याला चुचकारलं. हरण्याने मान खाली घातली, पुन्हा उजवा पाय टेकवला. त्याचं सगळं अंग थरथरलं. त्याला मालकाचं ऐकायचं होतं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. तो पाय तसाच अधांतरी धरून वासुदादाकडे बघत उभा राहिला.

वहिनीने पदर तोंडाला लावला.

वासुदादा पुढे झाला, खाली बसला, आणि त्याने तो पाय स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरून राहिला. मग टेम्पोवाल्याला म्हणाला, "फळी काढ." सुईवाला आपणहून निघून गेला.

सुनंदाताई पाण्याची बादली घेऊन आल्या आणि भावाच्या शेजारी बसून पट्ट्या परत बांधू लागल्या. पट्टीचं एक टोक वासुदादाने धरलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "घट्ट झालं का?" त्या म्हणाल्या, "हाव, बरोबर झालं." एवढंच. बऱ्याच आठवड्यांनी वासुदादा बहिणीशी बोलला ते इतकंच.

हरण्याचा पाय जुळला, पण वाकडा जुळला. तो परत कधी पळाला नाही. अजून आहे. हलक्या कामाला चालतो, चढावर जरा लंगडतो. वासुदादाला त्याला विकायचं सुचवणारे खूप भेटले. त्याने विकला नाही.

यानंतर सगळं सुधारलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. आमच्या पटाला जोड्या कमी येऊ लागल्या. मालक म्हणायचे, तिथे बाई आहे, तिकडे नको. समितीत दरवर्षी विषय निघायचा की दुसरा डॉक्टर बघावा. एका वर्षी तर नानासाहेबांनी सुनंदाताईंना बोलावून, चहा पाजून, समजावून सांगितलं की जरा सैल धरा, पट बंद पडेल. त्या म्हणाल्या, "बंद पडला तर पडू द्या नानासाहेब. मी पट बंद करायले नाही आलो, पाय पाहायले आलो." नानासाहेबांना राग आला, पण त्यांनी दुसरा डॉक्टर बघितला नाही. मला वाटतं, त्यांच्या स्वतःच्या गोठ्यातही त्याच येत होत्या हे एक कारण असावं. आमच्या पटात आजही गिट्टीवर चालवल्याशिवाय जोडी सुटत नाही, आणि लोकांना आता त्याची सवय झाली आहे. काही जण तर पट बघायला दुपारी येण्याऐवजी सकाळीच येतात आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून कोणता बैल पाय कसा टाकतोय यावर पैजा लावतात. सुनंदाताईंना ते आवडत नाही. पण पैज लावण्यापुरते का होईना, लोक पाय बघायला शिकले.

मी निवृत्त झालो आणि मलकापूरला मुलाकडे राहायला आलो. माईक एका तरुण मास्तराकडे गेला. सुनंदाताईंची भेट आता क्वचित. गेल्या हिवाळ्यात मी जुन्या गावी एका लग्नाला एसटीने चाललो होतो. शेजारच्या त्या गावात, जिथे हरण्या जिंकला होता, पट होता. तिथे अजूनही तपासणी म्हणजे खुर्चीवर बसून सही. रस्ता टेम्पो आणि ट्रॅक्टरांनी भरला होता आणि आमची बस मुंगीच्या पावलाने सरकत होती. कंडक्टर वैतागला होता.

मैदानाच्या अलीकडे एक छोटा पूल आहे. त्या पुलाच्या कठड्यावर सुनंदाताई बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. मोपेड बाजूला लावलेली. त्यांना त्या पटात कोणी बोलावलं नव्हतं, समितीने आत येऊ दिलं नव्हतं, हे मला शेजारच्या प्रवाशाने सांगितलं. "सकाळपासून बसून हाये बाई," तो म्हणाला. "दरसाल बसते." येणारा प्रत्येक टेम्पो त्या बघत होत्या. टेम्पोवाले तोंड फिरवून पुढे जात होते. एकाने हॉर्न वाजवून चिडवलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

बस त्यांच्या जवळ आली तेव्हा मी खिडकीतून हाक मारणार होतो. तेवढ्यात आमच्या पुढचा एक टेम्पो थांबला. चालवणारा तरुण होता, मला अनोळखी. तो खाली उतरला, काही न बोलता मागे गेला, फळी लावली आणि एक पांढरा गोऱ्हा हळूहळू खाली उतरवून पुलाच्या कडेला आणला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. सुनंदाताई कठड्यावरून उठल्या, बाटलीतलं पाणी हातांवर ओतलं, आणि गोऱ्ह्याच्या पायाशी खाली बसल्या.

आमच्या ड्रायव्हरने संधी साधून बस बाजूने काढली. मी मान वळवून बघत राहिलो. त्यांनी डोळे मिटले होते.